हिब्रू 'पाकद': भेट, हजेरी की समाचार?

ओळंबा

जुन्या करारात वारंवार येणाऱ्या एका क्रियापदावर चर्चा करायची आहे. धातू पे-कोफ-दालेत, साधं रूप पाकद. आधी पाच जागा देतो, म्हणजे अडचण कळेल.

उत्पत्ती २१:१ : परमेश्वराने सारेला पाकद केलं, आणि म्हातारपणी तिला मूल झालं.
निर्गम २०:५ : वडिलांचा अपराध मुलांवर, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, पाकद करणारा देव.
गणना १:३ : वीस वर्षं आणि त्यापुढचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष पाकद करा.
उत्पत्ती ३९:४ : पोटीफराने योसेफाला आपल्या घरावर पाकद केलं (इथे हिफील, म्हणजे 'करायला लावणे'चं रूप).
१ शमुवेल २०:१८ : योनाथान दाविदाला म्हणतो, उद्या चंद्रदर्शन, तू पाकद होशील, कारण तुझं आसन पाकद होईल (निफाल, म्हणजे कर्मणीसारखं रूप, तेही दोनदा).

मराठीत यांचं साधारण असं होतं: भेट घेतली, शासन केलं, मोजणी केली, नेमलं, जागा रिकामी राहिली. मूळ वाचणाऱ्याच्या कानावर एकच धातू पडतो, आपल्याला पाच वेगळे शब्द दिसतात. कृपा, शिक्षा, खानेसुमारी, नेमणूक आणि गैरहजेरी या सगळ्यांना एका मुळाशी बांधणारं काही आहे का, की हे नुसते उच्चारसारखे वेगवेगळे शब्द आहेत? आणि मराठीत यातले निदान तीन अर्थ पेलणारं एखादं क्रियापद सापडेल का?

खडू_फळा

आधी रूपं सरळ करून घेऊ. निम्मा गोंधळ तिथेच होतो.

काल (साधं रूप): पाकद, अपूर्ण यिफ्कोद. लक्ष देणे, मोजणे, नेमणे, जाब घेणे, उणीव जाणवणे.
निफाल: निफ्कद, यिप्पाकेद. उणा पडणे, गैरहजर असणे. कधी नेमलं जाणे, कधी शासन होणे.
पिएल: यशया १३:४, परमेश्वर लढाईसाठी सैन्य गोळा करतो, त्याची हजेरी घेतो.
पुआल: निर्गम ३८:२१, हिशेब तपासला गेला. यशया ३८:१० मध्ये हिज्कीया म्हणतो, उरलेल्या वर्षांना मुकलो.
हिफील: हिफ्कीद. एखाद्यावर सोपवणे, ठेव म्हणून ठेवणे, अधिकारी म्हणून नेमणे.

शिवाय हितपाएलसारखी काही आडवळणाची रूपं गणना आणि शास्ते या पुस्तकांत आहेत (गणना १:४७, शास्ते २०:१५). ती सगळी मोजणीचीच आहेत, म्हणून त्यांत अडकू नका.

उच्चाराच्या दोन जागा जपा. निर्गम ३२:३४ मध्ये 'माझ्या पाकद करण्याच्या दिवशी' असं आहे. लिहिलेलं दिसतं पाक्दी, वाचायचं पोक्दी. तो कामात्स (एरवी 'आ' दाखवणारी स्वरखूण) ऱ्हस्व 'ओ' आहे, कारण बंद आणि बिनआघाताचं अक्षर. नवशिके हमखास 'पाक्दी' वाचतात आणि मग भूतकाळी रूप समजून वाक्य मोडतात. दुसरी जागा: पेकुदीम म्हणजे मोजलेले लोक, पिक्कुदीम म्हणजे विधी, आज्ञा. दुसऱ्यात कोफला दागेश (अक्षर दुप्पट करणारा ठिपका) आहे, पहिल्यात नाही. स्तोत्र ११९ मध्ये हा पिक्कुदीम २१ वेळा येतो. तिथे 'मोजलेले' असा अर्थ लावलात तर काहीच लागणार नाही.

तिरफळ

ओळंबा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर १ शमुवेल १४:१७ मध्ये आहे असं माझं मत. पलिष्ट्यांच्या छावणीत गोंधळ उडालेला पहारेकऱ्यांना दिसतो. शौल म्हणतो, "पिक्दू-ना, आणि पाहा आपल्यातून कोण गेलं आहे." मग ते पाकद करतात, आणि योनाथान व त्याचा शस्त्रवाहक नाहीत असं निघतं.

इथे हे मोजणं बेरजेसाठी नाही. हजेरी घेतली, त्यातून गैरहजर कोण ते कळलं. 'मोजणे' आणि 'उणा पडणे' हे दोन अर्थ लांबचे वाटतात खरे, पण हजेरीपटाच्या त्या एका नजरेत दोन्ही येतात. गणना ३१:४९ बघा. मिद्यानावरच्या स्वारीला १२,००० माणसं गेलेली (३१:५). परत आल्यावर अधिकारी मोशेला सांगतात, आम्ही शिपायांची शिरगणती केली, "आमच्यातला एकही निफ्कद नाही". मराठीत 'एकही उणा नाही'.

नुसत्या मोजणीला हिब्रूत साफार आणि माना हे दुसरे धातू आहेत. २ शमुवेल २४ मध्ये दाविदाच्या खानेसुमारीत तिन्ही धातू येतात: १ ल्या ओवीत माना, २ ऱ्या आणि ४ थ्या ओवीत पाकद, १० व्या ओवीत साफार. म्हणून माझं म्हणणं असं: पाकदचा गाभा आकडा नाही. ज्याच्यावर आपली जबाबदारी आहे त्याच्याकडे एकेक करून बघणं, आणि जे दिसेल त्याप्रमाणे पुढची कारवाई करणं, हा गाभा. कारवाई भल्याची की बुऱ्याची हे काय दिसलं त्यावर ठरतं.

जाता जाता, गणना १:२ मधली 'डोकं उचलणे' (नासा रोश) ही मोजणीची बोली आणि आपली 'शिरगणती' एकाच वळणाच्या. पुढे लगेच 'दर कवटीमागे' असंही आहे.

अष्टागर

कृपेच्या बाजूचं थोडं.

पाकदच्या शेजारी वारंवार दिसणारा धातू म्हणजे जाखार, आठवण करणे. दोन्ही एक नाहीत. हन्नाच्या गोष्टीत क्रम स्पष्ट आहे: १ शमुवेल १:१९ मध्ये परमेश्वर तिची आठवण करतो (जाखार) आणि शमुवेल होतो. मग २:२१ मध्ये परमेश्वर हन्नाला पाकद करतो, आणि तिला आणखी तीन मुलगे व दोन मुली होतात. यिर्मया १५:१५ मध्ये संदेष्टा एका दमात दोन्ही मागतो: माझी आठवण कर, मला पाकद कर. आठवण मनात राहू शकते, पाकद मात्र घडावं लागतं.

योसेफाचं शेवटचं बोलणं (उत्पत्ती ५०:२४-२५) यावरच उभं आहे: "पाकोद यिफ्कोद", देव तुम्हांला नक्की पाकद करील, तेव्हा माझी हाडं इथून न्या. धातू दोनदा आणून निश्चय दाखवायची ही हिब्रू पद्धत. निर्गम ३:१६ मध्ये जळत्या झुडपाजवळ मोशेला निरोप मिळतो तो त्याच शब्दांचा, "पाकोद पाकदती". १३:१९ ला मोशे हाडं उचलतो तेव्हा पुन्हा तेच शब्द. तीन ठिकाणी तीन वेगळी मराठी क्रियापदं घातली की हा धागा तुटतो. भाषांतराला माझी हरकत असेल तर ती इथे.

ज्यू परंपरेत उत्पत्ती २१ हे रोश हाशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, पहिल्या दिवशीचं वाचन आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात या सणाला 'नव्याचा सण' म्हणत. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, (रोश हाशाना ११अ) सारा, राहेल आणि हन्ना या तिघी त्या दिवशी पाकद केल्या गेल्या असं म्हटलं आहे. गंमत म्हणजे राहेलीच्या बाबतीत मूळ ओवीत (उत्पत्ती ३०:२२) धातू जाखार आहे. तिथेच पुढे (३२ब) वाद आहे: सणाच्या प्रार्थनेत आठवणीच्या ओव्या म्हणायच्या तर पाकदची ओवी चालेल का? रब्बी योसे म्हणतात चालेल, रब्बी यहूदा म्हणतात नाही. आपला हा धागा तसा जुनाच म्हणायचा.

ओळंबा

तिरफळ, हजेरी पटली. पण निर्गम २०:५ मध्ये मोजणी कसली? 'अपराध पाकद करणे' म्हणजे नेमकं काय? ती ओवी अनेकांना डाचते.

खडू_फळा

तिथे शब्दापेक्षा वाक्यरचना बघा. चार साचे धरून चाला.

पहिला, पाकद + माणूस थेट कर्म. लक्ष घालणे, विचारपूस, मोजणी. (सारा, हन्ना, यिर्मया २९:१० : बाबेलची ७० वर्षं भरली की मी तुम्हांला पाकद करीन.)
दुसरा, पाकद + अल + माणूस. 'अल' म्हणजे वर. जाब घेणे, शासन करणे. (यिर्मया ९:२५, हिब्रूत ९:२४.)
तिसरा, पाकद + अपराध + अल + माणूस. एखाद्याच्या खाती अपराध मांडून वसूल करणे. निर्गम २०:५, ३४:७, आमोस ३:२, होशेय १:४ इथला.
चौथा, पाकद + माणूस + अल + समूह. नेमणूक. गणना २७:१६, मंडळीवर एक माणूस नेम.

दुसरा आणि चौथा यांत नवखा माणूस फसतो, कारण 'अल' दोन्हीकडे आहे. चौथ्यात नेमला जाणारा माणूस कर्म म्हणून वेगळा असतो, दुसऱ्यात नसतो.

आणि पहिला साचा कायदा नव्हे, कल आहे. यिर्मया ६:१५ मध्ये 'मी त्यांना पाकद करीन त्या वेळी ते अडखळतील' असं आहे. तिथे 'अल' नाही, थेट सर्वनाम आहे, तरी अर्थ शिक्षेचाच. स्तोत्र ५९:५ (हिब्रूत ५९:६) तसंच. तेव्हा 'अल नाही म्हणजे कृपा' असं छापील सूत्र करू नका, संदर्भ वाचा.

निर्गम २०:५ बद्दल: ओवी 'माझा द्वेष करणाऱ्यांच्या' या शब्दावर संपते. ओंकेलोसचा अरामी अनुवाद मुलांना 'बंडखोर' हे विशेषण जोडतो, आणि तालमूद (बेराखोत ७अ) सांगतो की मुलांनी वडिलांची करणी हाती धरून ठेवली असेल तरच. 'अनुवाद' या पुस्तकातली २४:१६ आणि यहेज्केल १८ इथे ज्याचं पाप त्यालाच शिक्षा असं आहे, त्यांच्याशी मेळ घालायचा तो असा. तिसरी-चौथी पिढी म्हणजे एका माणसाच्या हयातीत एका घरात नांदू शकणारी माणसं, हेही विसरू नये. पुढच्याच ओवीत दया 'हजारांवर' आहे.

दुर्बीण

'भेट' हा शब्द कुठून आला त्याचा माग.

सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, पाकदसाठी सर्वांत जास्त येणारं क्रियापद एपिस्केप्तोमाई: वर नजर टाकणे, पाहणी करणे, आजाऱ्याची चौकशी करणे. हे चांगलं जुळतं. लूक १:६८ मध्ये जखऱ्याच्या स्तुतिगीतात तेच आहे. मग व्हल्गेट हे लॅटिन भाषांतर आलं. तिथे उत्पत्ती २१:१ ला विझितारे आणि निर्गम २०:५ लाही विझितारे. लॅटिनला याचा अर्थ 'जाऊन बघणे' असा होता, त्यामुळे पाहणीचा अंश शिल्लक होता. इंग्रजीने तोच शब्द 'व्हिजिट' म्हणून उचलला, आणि पुढे इंग्रजीत त्याचा रोजचा अर्थ पाहुणा म्हणून जाणे एवढाच उरला. मराठीतली 'भेट' या रांगेतली शेवटची. परमेश्वराने सारेची भेट घेतली म्हटलं की वाचक विचारतो, कुठे? तिच्या दारात तर तो १८ व्या अध्यायातच येऊन गेला. २१:१ मध्ये कोणी येत-जात नाही, दिलेला शब्द पाळला जातो.

ओंकेलोसने एकच शब्द राखायचा हट्ट धरलाच नाही. साराच्या ओवीत त्याने 'आठवण केली' (देखीर) घातलं, निर्गम २०:५ मध्ये 'जाब घेणारा' या अर्थाचा वेगळा धातू. म्हणजे हिब्रूच्या सख्ख्या बहिणीलाही एका शब्दात जमलं नाही. मराठीकडून ती अपेक्षा किती करायची?

एक फांदी मजेची आहे. पाकदवरून पाकीद म्हणजे अधिकारी, देखरेख करणारा. नहेम्या ११:९ मधल्या पाकीदला ग्रीकमध्ये एपिस्कोपोस म्हटलं आहे. तोच शब्द झिजत झिजत इंग्रजीत बिशप, पोर्तुगीजमध्ये बिश्पु आणि गोव्यात बिस्प झाला. स्तोत्र १०९:८, 'त्याचं पद दुसऱ्याला मिळो' यातलं पद म्हणजे पेकुद्दा. प्रेषितांची कृत्ये १:२० मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस निवडताना हीच ओवी ग्रीकमधून उद्धृत होते.

तिरफळ

दुर्बीण, मराठीकडून अपेक्षा करायला हरकत नाही. आपल्याकडे 'समाचार घेणे' आहे!

आजाऱ्याच्या समाचाराला जातात. आणि कुणी आगळीक केली की त्याचा चांगलाच समाचार घेतात. एकच शब्द, दोन तोंडं, आणि कुठलं ते संदर्भाने कळतं. 'हजेरी घेणे' हेही तसंच. शाळेत हजेरी घेतात, आणि साहेब उशिरा येणाऱ्याची हजेरी घेतात. इंग्रजी 'व्हिजिट'ला हे आता जमत नाही, मराठीला बसल्या जागी जमतं.

कस लावून बघू. यिर्मया २३:२ मध्ये मेंढपाळांवर म्हणजे राजांवर शब्दाचा खेळ आहे: तुम्ही कळपाला पाकद केलं नाही, म्हणून पाहा, मी तुमच्यावर तुमच्या दुष्कर्मांचं पाकद करतो. मराठीत:

"तुम्ही त्यांचा समाचार घेतला नाही, पाहा, आता मी तुमचा समाचार घेतो."

खेळ जसाच्या तसा उतरला. पहिल्या भागात 'काळजी घेतली नाही' आणि दुसऱ्यात 'शिक्षा करीन' असं केलं तर अर्थ राहतो, टोमणा जातो.

दुसरं उदाहरण. स्तोत्र ८:४ : मनुष्य तो काय की तू त्याची आठवण करावीस, मानवपुत्र तो काय की तू त्याला पाकद करावंस? ईयोब ७:१७-१८ हीच ओवी उलटी करतो: मनुष्य तो काय की तू दर सकाळी त्याला पाकद करावंस, क्षणोक्षणी पारखावंस? स्तोत्रकर्त्याला ज्याचं अप्रूप, ईयोबाला त्याचाच जाच. 'समाचार' दोन्हीकडे ठेवून बघा. 'तू दर सकाळी त्याचा समाचार घेतोस' हे ईयोबाच्या तोंडी किती बोचरं लागतं!

तिसरं. शास्ते १५:१, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शमशोन शेळीचं करडू घेऊन बायकोला पाकद करायला जातो. समाचाराला रिकाम्या हाताने जात नाहीत ही रीत तिथेही दिसते. 'करडू घेऊन' याला हिब्रूत 'बे' हे अव्यय आहे. यशया २७:१ मध्ये तेच अव्यय तलवारीला लागतं: परमेश्वर आपल्या तलवारीने लिव्याथान या अजस्र सापावर पाकद करील. समाचार कसला ते हातात काय आहे त्यावरून ओळखा.

दुर्बीण

कल्पना सुरेख, पण उपासनेत वाचून दाखवायच्या मजकुरात चालेल का? 'परमेश्वराने त्यांचा समाचार घेतला' ऐकल्यावर मागच्या बाकावर हसू फुटेल. मराठीत शिक्षेच्या अर्थी 'समाचार' आणि 'हजेरी' दोन्ही खरडपट्टीच्या पातळीवरचे. यिर्मया ५:९ मधलं "याबद्दल मी पाकद करू नये काय?" हे पालुपद ५:२९ आणि ९:९ ला परत येतं. त्याचा सूर न्यायाधीशाचा आहे, वैतागलेल्या मास्तरांचा नाही.

त्या साच्याला मी 'झाडा घेणे' सुचवतो. जुना, वजनदार शब्द, आणि हिशेबाचा अर्थ त्यात मुळातच आहे. आमोस ३:२ असं होईल: "पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत मी तुम्हांलाच ओळखलं, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांचा झाडा मी तुमच्याकडून घेईन." इथे 'शासन करीन' पेक्षा 'झाडा' जास्त खरा, कारण वाक्याचं बळ 'म्हणून'मध्ये आहे. ज्याला आपलं मानलं त्याचाच झाडा घ्यायचा असतो.

तिरफळ

'झाडा' मान्य, तिसऱ्या साच्यासाठी. यिर्मया २३:२ मात्र मी सोडणार नाही. तिथे संदेष्ट्याला बोचवायचंच आहे, मागच्या बाकावर कोण हसतं त्याची चिंता त्याला नव्हती.

खडू_फळा

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर निर्गम ३८ बघा, कारण तिथे पाकद खरोखरच हिशेबतपासणी आहे. ३८:२१ "एल्ले पेकुदे हामिश्कान": निवासमंडपाच्या जमाखर्चाचा हा तपासलेला तपशील. या भागाच्या तोराह वाचनाचं नावच पेकुदे. वजनं किक्कार (मोठं) आणि शेकेल (लहान) यांत दिली आहेत: सोनं २९ किक्कार आणि ७३० शेकेल. चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. चांदी कुठून आली? मोजल्या गेलेल्या दर पुरुषामागे एक बेका, म्हणजे अर्धा शेकेल. आपल्या भाषेत डोईपट्टी.

पडताळा घ्या. मोजलेले पुरुष ६,०३,५५०. त्याचे निम्मे ३,०१,७७५ शेकेल. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल धरले तर १०० किक्कारांचे ३,००,०००, वर उरले १,७७५. काटेकोर जमतं. किक्कारात ३,००० शेकेल असतात हे आपल्याला मुख्यतः याच गणितावरून कळतं. आणि ६,०३,५५० हाच आकडा गणना १:४६ मध्ये पुन्हा येतो. माणसांची हजेरी आणि चांदीचा ताळा एकाच धातूने सांगितले आहेत, आणि दोन्ही एकमेकांना लागतात. गणना या पुस्तकाला मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, (योमा ७:१) 'मोजलेल्यांचा पंचमांश' (तोराहच्या पाच पुस्तकांतलं एक), होमेश हापेकुदीम म्हटलं आहे ते यामुळे.

किक्कारचं मराठी 'मण' किंवा 'तोळे' करू नका. ताळा मोडतो.

अष्टागर

हिफीलकडे कोणी वळलं नाही. समाचार, हजेरी, झाडा, यांतला एकही तिथे चालत नाही. हिफ्कीद म्हणजे दुसऱ्याला पाकद करायला लावणे, अर्थात त्याच्या देखरेखीखाली देणे. योसेफ पोटीफराच्या घरावर, गदल्या यहूदाच्या उरलेल्या लोकांवर (२ राजे २५:२२). वस्तूंनाही चालतं: यशया १०:२८ मध्ये चढाई करणारं सैन्य आपलं सामानसुमान मिखमाशात ठेवतं. यिर्मया ३६:२० मध्ये सरदार यिर्मयाची गुंडाळी चिटणिसाच्या खोलीत ठेवून मग राजाकडे जातात. मराठी 'ठेवणे' हे दोन्हींना पुरतं: घरावर माणूस ठेवला, खोलीत सामान ठेवलं. नामही जुळतं. पिक्कादोन म्हणजे ठेव. लेवीय ६:२ (हिब्रूत ५:२१) मध्ये शेजाऱ्याची ठेव नाकारण्याचा अपराध येतो. आजच्या हिब्रूत बँकेतल्या मुदत ठेवीला हाच शब्द आहे, आणि पाकीद म्हणजे साधा कारकून.

म्हणून स्तोत्र ३१:५ (हिब्रूत ३१:६), "बेयादखा आफ्कीद रूही", याचं 'तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो' बरोबर आहे, पण ठेवीची छटा धरली तर त्यात परत मिळण्याची खात्रीही येते. ज्यूंच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ही ओवी आहे आणि 'आदोन ओलाम' या स्तोत्राच्या शेवटच्या कडव्यात तिचाच प्रतिध्वनी आहे: झोपताना ठेव द्यायची, उठताना परत घ्यायची. लूक २३:४६ मध्ये येशूच्या तोंडी हीच ओवी आहे, ग्रीकमधून. तिथलं क्रियापदही ठेव ठेवण्याच्या अर्थाने वापरलं जाणारं आहे.

ओळंबा

उत्तम. आणखी एक: अरबीत याच अक्षरांचा 'फकद' म्हणजे हरवणे, असं वाचलं. मग मराठीतला 'फक्त' त्याच घरचा का?

दुर्बीण

नाही. 'फक्त' अरबी फकत वरून आला हे खरं, पण त्यात शेवटी जाड 'त' आहे, 'द' नाही. तो धातूही वेगळा. पाकदचा खरा अरबी भाऊबंद तुम्ही म्हणता तो फकद, गमावणे, आणि त्याचंच पाचवं रूप तफक्कद, पाहणी करणे. म्हणजे हजेरी आणि गैरहजेरी अरबीतही एका घरात आहेत. उर्दूतला कायद्याचा शब्द मफकूद-उल-खबर, ज्याचा ठावठिकाणा लागत नाही असा, याच धातूचा.

अक्कादीत, म्हणजे प्राचीन बाबेल-अश्शूरच्या भाषेत, पकादू: सोपवणे, देखभाल करणे, नेमणे, हजेरी घेणे. हिब्रूतले बहुतेक अर्थ तिथेही आहेत, त्यामुळे वेगवेगळे शब्द योगायोगाने एकसारखे झाले असं मानायचं कारण उरत नाही. मेलेल्याच्या नावाने अन्नपाणी देणाऱ्याला अक्कादीत पाकिदू म्हणत. गिल्गमेश काव्याची १२ वी पाटी इथे येऊन संपते: ज्याला पाकिदू नाही त्याचं भूत काय खातं? भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे.

खडू_फळा

शेवटी, कोशाचा आधार घेणाऱ्यांसाठी. बायबलच्या स्ट्राँगकृत शब्दसूचीत पाकदचा क्रमांक ६४८५ आहे. त्याखाली सगळ्या रूपांचे सगळे अर्थ एका ढिगात टाकलेले असतात. तिथून आवडेल तो अर्थ उचलून कुठल्याही ओवीला चिकटवायचा ही सर्रास होणारी चूक. 'साराला देवाने नेमलं, मोजलं, सोपवलं आणि भेटही दिली' असं प्रवचन त्यातूनच तयार होतं. एका जागी एकच अर्थ चालू असतो. आधी रूप ओळखा (काल, निफाल की हिफील), मग कर्म माणूस आहे की अपराध ते बघा, मग 'अल' शोधा, आणि मगच कोश उघडा. ओवीक्रमांक एकाने पुढेमागे असू शकतो हे वरच्या उदाहरणांत दिसलंच आहे. स्तोत्रांत मथळा हिब्रूत ओवी म्हणून धरला जातो त्यामुळे असं होतं.

तिरफळ

जाण्याआधी एक कोडं टाकतो. यिर्मया ५०:२१ मध्ये बाबेलवर चढाई करायला सांगताना 'पकोदच्या रहिवाशांवर' असा शब्द आहे. पकोद ही बाबेलच्या मुलखातली खरीखुरी अरामी टोळी. अश्शूरी लेखांत ती पुकुदू म्हणून येते आणि यहेज्केल २३:२३ मध्येही आहे. पण यिर्मयाला त्या नावात पाकद ऐकू आलेला आहे, आणि त्याच अध्यायात ३१ व्या ओवीत तो 'तुला पाकद करण्याची वेळ' म्हणून परत येतो. त्या टोळीचं नाव आणि शिक्षा दोन्ही ऐकू येतील असं मराठी कुणाला सुचतं का?

अष्टागर

'झाडेगाव'?

दुर्बीण

लोक झाडं शोधत बसतील.